काडाची होडी

पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
२ मार्च २०२५

चि. तेजल,
जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमन वर चढला नाही, खाली वॉचमनकडे देऊन गेला, आणि वॉचमनने ते स्वतःच्या खुर्चीमागे भिंतीला लावून ठेवलं. चित्र आवडलं म्हणाला. बर्फाचं घर, आत दिवा, दिव्याभोवती बसलेली पोरं. मागे तुझा मजकूर. तो इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे मी नीट वाचला नाही असं म्हणायला जागा नको.

'पप्पा, ऑगस्टमध्ये आमच्या गावात काडाच्या होड्या निघतात. मेलेल्यांची नावं लिहून त्यात ठेवतात. सातो आजींच्या गल्लीच्या होडीत मला आईचं नाव ठेवायचं आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय ठेवणार नाही. हो की नाही, एवढंच कळवा.'

ना जय भीम, ना तब्येतीची चौकशी. असू दे. विचारलंस तेवढ्याचं उत्तर देतो. नाही.

कारण तुला ठाऊक आहे, तू ते पाळण्यात असल्यापासून ऐकत आलीस. श्राद्ध नाही, पिंड नाही, मेलेल्याच्या नावाने पान वाढणं नाही. ही शपथ माझ्या बाने घेतली आणि त्याच्या मागे मी. विहार कमिटीचा सेक्रेटरी म्हणून मी किती घरांत जाऊन हे समजावलं, कावळ्यासाठी गच्चीवर ठेवलेल्या पत्रावळी लोकांना उचलायला लावल्या, शिव्याही खाल्ल्या. त्या माणसाने स्वतःच्या घरात काय करायला हवं होतं, तूच सांग.

डिसेंबरमध्ये तू पोचलीस तेव्हा आईला अग्नी देऊन झाला होता. तिकीट मिळालं नाही यात तुझा दोष नाही आणि मी तसं कधी म्हटलेलंही नाही. पुण्यानुमोदनाला सगळे जमले होते, भंतेजी बसले होते, जलदान व्हायचं होतं. तेवढ्यात तू आतून ताट घेऊन आलीस. ज्वारीची भाकरी, मेथी, खर्डा. आईच्या फोटोपुढे ठेवलंस आणि हात जोडलेस. मी ते उचललं. 'आपल्या घरात हे चालत नाही,' एवढंच म्हणालो. तू परत जाईपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस आणि गेल्यापासून माझा फोन उचलत नाहीस. भावाशी बोलतेस, अस्मितावहिनीशी तासन् तास बोलतेस. बापाला कार्ड.

केतन म्हणाला, पप्पा, 'नाही'च कळवायचं तर मी मेसेज टाकतो, पत्र कशाला. मी म्हटलं, माझं उत्तर मीच देणार.

आणि ते बर्फाचं घर. केतनने शोधून सांगितलं की पोरं ज्या कोनाड्यापुढे बसली आहेत त्यात पाण्याचा देव आहे. तू जपानला, योकोतेच्या वृद्धाश्रमात नोकरीला लागलीस तेव्हा मी 'पोरगी बुद्धाच्या देशात चालली' म्हणून अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले होते. कोणीतरी आधी सांगायचं होतं.

कुंडलिक गवई
सेक्रेटरी

(सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही.)


पंतनगर
६ एप्रिल २०२५

चि. तेजल,
जय भीम.

तुझं उत्तर नाही. माझं पत्र पोचलं की नाही तेही कळलं नाही. केतनला विचारलं तर तो म्हणतो, पोचलं असेल. म्हणजे पोचलंय.

मी तुझ्या गावाचा अभ्यास सुरू केला आहे. गैरसमज करून घेऊ नकोस, मला मुद्दे हवे आहेत. कोणाशी वाद घालायचा तर समोरच्याचं घर माहीत हवं. केतन टीव्हीवर व्हिडिओ लावून देतो, खाली मराठी अक्षरं येतात, त्यातलं निम्मं त्यांचं त्यांनाच कळत असेल. तरी बरंच समजलं.

तुमच्याकडे मुळा धुरावर टांगतात. छताला मुळ्यांच्या माळा आणि खाली लाकडाची धुनी. का, तर वाळवायला ऊनच मिळत नाही, मुळा वाळायच्या आत बर्फ येतो. मग तो काळपट झालेला मुळा खारवून वर्षभर खातात. मला माझी माय आठवली. ती गवारीच्या शेंगा पत्र्यावर पसरायची आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या काड्या व्हायच्या. आमच्याकडे ऊन सोडून बाकी सगळ्याची टंचाई होती. त्या मुळ्याच्या खोलीत तासभर उभं राहिलं की धुराचा वास केसांतून आठवडाभर जात नाही, असंही कळलं. हे टीव्हीवर नव्हतं. कुठेतरी ऐकलं.

फुलांचं पण पाहिलं. चेरी आधी दक्षिणेत फुलते, मग तोक्योत, मग वर वर सरकत जाते आणि तुमच्या किल्ल्याच्या टेकडीवर पोचेपर्यंत एप्रिल संपत येतो. सगळा देश फुलून झाला की मग तुमचा नंबर. पण लोक कुरकुरत नाहीत, झाडाखाली चादर टाकून वाट बघत बसतात.

आता मुद्दा. परवा आठ तारखेला तिकडे बुद्धजयंती. बाळबुद्धाची छोटी मूर्ती फुलांच्या मांडवात उभी करतात आणि येणारा जाणारा तिच्या डोक्यावर पळीपळीने गोड चहा ओततो. आपल्या विहारात कोणी असं केलं तर मी त्याच संध्याकाळी राजीनामा देईन. भंतेजींना सांगितलं तर ते नुसते हसले. म्हणाले, गवईसाहेब, चहा साखरेचा की गुळाचा? मला हसू आलं नाही.

घरी सगळं बरं आहे. गुडघा सोडला तर मीही बरा आहे. अस्मिताने आईच्या साड्यांचं विचारलं, मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. आईचा फोन चालू ठेवला आहे. बँकेचे निरोप त्यावर येतात म्हणून.

माझं उत्तर बदललेलं नाही.

तुझा बाप
कुंडलिक


पंतनगर
१३ मे २०२५

तेजल,
जय भीम.

तुझं दुसरं कार्ड आलं. चेरीचं झाड आणि मागे पांढरा किल्ला. उलटून पाहिलं, मागे फक्त पत्ता. मी भिंग घेऊन पाहिलं. अस्मिता म्हणाली, पप्पा, काही लिहिलंच नाहीये. मला दिसत होतं ते. तरी कोरं कार्ड पाठवायला पण दुकानात जावं लागतं, तिकीट चिकटवावं लागतं. तेवढं तू केलंस हे मी धरून चाललो आहे.

काल पौर्णिमेला विहारात माझं भाषण होतं. विषय मीच सुचवला होता, 'जपानमधील बौद्ध धम्म'. महिनाभर तयारी केली, वाटलं होतं की आपण सगळ्यांना सावध करू. धुरातला मुळा, चेरी, गोड चहा, सगळं सांगितलं. बायाबापड्या कान देऊन ऐकत होत्या. मग मी म्हणालो, पण तिकडे एक दोष शिरला आहे, ते लोक मेलेल्यांपुढे रोज भात ठेवतात.

तुला सिंधूबाई आठवत असेल, तुला लहानपणी बोरं द्यायची ती. खाली सतरंजीवर बसली होती. बसल्या जागेवरून म्हणाली, 'सेक्रेटरी, मग आपल्या तेजलनं ताट ठेवलं ते तिकडचं होतं का हो? आम्हाला वाटलं, पोरगी बिघडली.'

मी काय उत्तर दिलं असेल? म्हणालो, कार्यक्रम संपला आहे, सर्वांनी खीर घेऊन जावे. आणि खाली उतरलो. तू असतीस तर मला चांगलंच फाडलं असतंस, आणि मला ते चाललं असतं.

सिंधूबाईला जे विचारावंसं वाटलं ते मला का वाटलं नाही, हे मी रात्रभर शोधत होतो. खरं म्हणजे मला उत्तर माहीत होतं. महिन्याभरापूर्वीच कळलं होतं. कसं कळलं ते आता लिहितो, कारण नाही लिहिलं तर हे पत्र म्हणजे नुसता बनाव होईल.

आईच्या फोनवर तू पाठवलेले आवाज आहेत. बँकेचे निरोप वगैरे सगळं खोटं, त्यासाठी मी तो चालू ठेवलेला नाही. दुपारी केतन-अस्मिता कामावर गेले की मी एकेक लावतो. मुळ्याचा वास केसांतून जात नाही ते तूच सांगितलं होतंस, मला नाही, तिला. बर्फ पडताना आवाज बंद होतात, भोंगासुद्धा कापसातून आल्यासारखा येतो, हेही तिला. आम्ही दोघं एकाच खोलीत बसलेले असायचो, ती फोन कानाला लावून हसायची आणि मी पेपर वाचायचो. मी कधी म्हटलं नाही, मलाही ऐकव. तुमचं बायकांचं काहीतरी चाललं असेल म्हणून.

त्यातच सातो आजींचं आहे. सकाळी त्यांना उठवायचं, तोंड धुवायचं, केस विंचरायचे, मग खोलीतल्या छोट्या देव्हाऱ्यात त्यांच्या नवऱ्याच्या फोटोपुढे वाफाळता भात ठेवायचा. तो ठेवल्याशिवाय आजी घास घेत नाहीत. आजींचा हात थरथरतो म्हणून वाटी तू ठेवतेस. म्हणजे तू रोज सकाळी एका परक्या माणसापुढे भात ठेवत होतीस, वर्षानुवर्षं, नोकरी म्हणून, आणि आईपुढे एकदा ताट ठेवलंस तर मी ते चारचौघांत उचललं. मला वाटलं होतं की तू आपल्या जुन्या चिखलात परत गेलीस. तू तर कामावरून घरी आली होतीस, हाताची सवय घेऊन.

शपथ चुकली असं मी म्हणत नाही. ती मी आजही घेईन. पण तुझ्या हातातून ताट काढून घेताना माझा हात तुला लागला होता आणि मी मागे वळून पाहिलं नव्हतं, ते आता रोज दिसतं.

ते ताट कुठे गेलं हे तुला कोणी सांगितलं नसेल. कोणालाच माहीत नाही. मी ते स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि उभ्याने खाल्लं. सगळं. मेथी तिच्यासारखीच झाली होती.

पप्पा


पंतनगर
२२ जून २०२५

तेजल,

आज होड्यांचं वाचलं. इतके दिवस मुद्दाम मागे ठेवलं होतं. केतनने फोनवर शोधून मोठ्याने वाचून दाखवलं, जेवताना.

मला वाटलं होतं की आपापल्या पूर्वजांना निरोप द्यायचा प्रकार असेल, आपल्याकडच्या पितरांसारखा. तसं होत असेलही आता. पण मुळात ते दुष्काळाचं निघालं. तीनेकशे वर्षांपूर्वी त्या मुलखात पीक गेलं आणि माणसं उपाशी मेली. घरंच्या घरं गेली, मागे त्यांच्यासाठी दोन शब्द म्हणायला कोणी उरलं नाही. तेव्हा गावातल्या साध्या लोकांनी नदीच्या वाळवंटात गव्हाच्या काडाची होडी बांधली, मेलेल्यांची नावं कागदाच्या पट्ट्यांवर लिहून तिच्यात ठेवली आणि काठावर सूत्रं म्हटली. नात्यातलं कोणी नव्हतं तरी.

आता त्याचा उत्सव झाला आहे म्हणे. गल्लीगल्लीची वेगळी होडी, खांद्यावर घेणारे तरुण, आणि पुलावर आले की होड्या एकमेकींवर आदळायच्या. व्हिडिओ पाहून केतन म्हणाला, 'झकास आहे यार, आपल्या गोविंदा पथकांसारखं.' मी ताटावरून उठलो. अस्मिता घाबरली, तिखट झालं का विचारायला लागली. तिला म्हटलं, पोट भरलं.

दुष्काळ मी पाहिलेला आहे, तेजल. बहात्तरचा. तुम्हा दोघांना मी त्यातलं सुकडीचं तेवढं सांगितलं, सरकार वाटायचं तो गोड भुगा, आणि तुम्ही हसायचात, कारण मी अजून पंजिरी खात नाही. बाकीचं सांगितलं नाही. आज लिहायला बसलो होतो. पण हात चालत नाही. बाहेर पाणी धो धो पडतंय, नळालाही भरपूर आहे, आणि अशा वेळी ते लिहिणं जमत नाही.

तुझा प्रश्न अजून माझ्याकडेच आहे. 'नाही' लिहिलं होतं, पण आता त्या 'नाही'त दम राहिलेला नाही. थोडं थांब.

पप्पा


पंतनगर
२० जुलै २०२५

प्रिय तेजल,
जय भीम.

केतनला आज सांगितलं, तुला फक्त एवढंच कळव की पप्पांचं उत्तर हो आहे. बाकीचं या पत्रात आहे. स्पीड पोस्टने टाकतो आहे. खिडकीवरची मुलगी म्हणाली की ऑगस्ट उजाडायच्या आत जाईल, पण जपानच्या गावाचं ती काही सांगू शकत नाही. तेव्हा होडी निघायच्या आत हे तुझ्या हाती पडो.

मला एक बहीण होती. नंदा. तुम्हा मुलांना हे नाव माहीत नाही.

जालन्याकडे आमच्या गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. बा खणायचा, माय पाटी वाहायची, मी पाचवीतली शाळा सोडून नंदाला सांभाळायचो. दोन वर्षांची होती. खडीच्या ढिगाच्या सावलीला लुगड्याची झोळी बांधलेली, तिच्यात ती आणि बाहेर मी. ऊन फिरलं की सावली हलायची, मग झोळी पण हलवायची. खायला लाल मिलो, अमेरिकेची ज्वारी. मोठ्यांना ती कशीबशी पचायची, नंदाला पचली नाही. तिला जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे आत गेले आणि रडणं बारीक झालं.

दुपारी टँकर आला. माय पाटी टाकून धावत आली. म्हणाली, 'कुंडल्या, पळ. डबाभर आन.' मी तेलाचा रिकामा डबा घेऊन पळालो. टँकरची रीत ठरलेली होती. आधी पाटलाच्या वाड्याचे हंडे, मग गावाचे, मग आमच्या वस्तीची मडकी. आमच्यापर्यंत येईस्तोवर तळाचा गाळ यायचा. मी नळीवाल्याला म्हणालो, बहीण आजारी आहे, थोडं द्या. तो वाईट माणूस नव्हता. माझ्याकडे न बघता म्हणाला, 'नंबर आल्यावर.' मी उभा राहिलो. ओळ मोडून डबा पुढे करायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि केला असता तर आमच्या सगळ्या वस्तीला त्या दिवशी पाणी मिळालं नसतं, हे पाचवीतल्या पोरालाही कळत होतं.

शेवटी डबा भरला. परत येताना मी पळालो नाही, चालत आलो. पळालो असतो तर पाणी सांडलं असतं.

मी पोचलो तेव्हा मायने तिला झोळीतून काढून मांडीवर घेतलं होतं. ती गेली होती. पदराचं टोक डब्यात बुडवून मायने नंदाचं तोंड पुसलं, मग हातपाय पुसले. बा म्हणाला, 'जलदान करावं लागंल. पानी वतून गाथा म्हनू.' आपल्यात तुला माहीत आहे, वाटीत पाणी ओतत राहायचं, वाटी भरून वाहीपर्यंत, आणि तोवर गाथा म्हणायची. मायने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ फुटलेले होते. ती म्हणाली, 'ज्याला तहान हाय त्यानं प्यावं. तिला मागनं देऊ.'

आणि ते पाणी तिने मला पाजलं.

नंदाला तिथेच बांधाच्या कडेला पुरलं. पुढच्या आठवड्यात बांध तिच्यावरून पुढे सरकला, माय आणि बा स्वतःच्या हाताने त्यावर माती टाकत होते, दुसरं काम नव्हतं. पुढच्या वर्षी पाऊस झाला, तलाव भरला. गावाला आता त्या तलावाचं पाणी मिळतं. तिच्यासाठी मागून कधी काही केलं नाही. माय गेली, बा गेला. तुझ्या आईला, शांताला, मी लग्न झालं त्या वर्षी एकदाच सांगितलं होतं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. पण उन्हाळ्यात दारावर कोणी पाणी मागायला आलं आणि बरोबर लहान मूल असलं, तर ती तांब्या आधी त्या मुलाच्या हातात द्यायची, मोठी माणसं हात पुढे करून उभी असली तरी. तू पाहिलं असशील. तुला वाटलं असेल, आईची पद्धत.

आता शांताही नाही. नंदाला ओळखणारा या जगात मी एकटा उरलो आहे, आणि मला भीती वाटते. मरणाची नाही. मी गेलो की ती दोन वर्षांची पोर कधी होती हेच कोणाला माहीत नसेल.

शपथेचा विचार मी केला, सेक्रेटरी आहे, केल्याशिवाय राहीन कसा. भंतेजींनाही विचारलं. ते एवढंच म्हणाले, पाणी देणं तर आपलंच आहे. मग मला तुझं ते पहिलं कार्ड आठवलं. बर्फाच्या घरात कोनाड्यातल्या पाण्यापुढे बसलेली, येणाऱ्याजाणाऱ्याला आत बोलावून गरम काहीतरी पाजणारी पोरं. मी त्यांची टिंगल केली होती. काल ते कार्ड वॉचमनच्या खुर्चीमागे पुन्हा लावून आलो. त्यालाच ते आधी आवडलं होतं.

परवा दुपारी फोनवर तुझे आवाज ऐकताना चुकून आईचा एक लागला. तिचे मी लावत नाही. 'बरं बाई, स्वेटर घाल,' एवढाच होता. तू स्वेटर घालत जा.

डिसेंबरमध्ये तिला वर्ष होईल. रजा मिळाली तर ये. ताट फोटोपुढे ठेवणार नाही, तो माझा हट्ट तू चालवून घे. पण मेथी मी निवडून ठेवीन, आणि फोटोसमोर बसून आपण दोघं एका ताटात जेवू. नाही आलीस तरी मी पत्रं लिहीत राहीन, कोरी कार्डं पाठवलीस तरी चालतील.

आता कामाचं. पट्टीवर 'शांताबाई कुंडलिक गवई' असं पूर्ण लिही, तिला अर्धवट लिहिलेलं आवडायचं नाही. खाली जागा असेल तर 'नंदा' लिही. जागा नसेल तर सातो आजींना माझ्या वतीने विचार, दुष्काळातल्या एका मुलीसाठी वेगळी पट्टी चालेल का. त्यांना ते समजावून सांगावं लागणार नाही असं मला वाटतं.

आणि होडी उचलायच्या आत नदीचं पाणी घेऊन दोघींना दे. वाटी भरून वाहू दे, थांबवू नकोस, तिकडे पाण्याला कमी नाही. आधी नंदाला दे. तिचा नंबर फार मागे होता.

तुझा
पप्पा